डॉक्टर मॅडम, दाढ ठोकून बघितल्याबद्दल

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी लातूरच्या मोंढ्यातला मुनीम. सोयाबीनची आवक जोरात होती तेव्हा आलो होतो, डाव्या नाकपुडीला रुमाल लावून. तुम्हाला आठवत नसेल. तुमच्या बाकावर रुमालवालेच बसलेले असतात.

त्याआधी दोन महिने मी ‘सायनसचा पेशंट’ होतो. धुळीतलं काम, दुसरं काय असणार, असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचो. एका दवाखान्यात अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या आहेत तोवर बरं, संपल्या की पुन्हा तोच कुजका वास. ताटात वरण आलं तरी आधी तोच. ओव्याची पुरचुंडी शेकून शेकून नाक तेवढं भाजलं.

तुम्ही एकच विचारलं, “धूळ उजव्या नाकपुडीत जात नाही का?” मी गप्प. मग दुर्बिणीनं नाक पाहिलंत अन् म्हणालात, तोंड उघडा. नाकाच्या डॉक्टर दाढा काहून बघतायत, कळेना. आरशाच्या दांडीनं वरच्या दाढा एकेक करून टकटक वाजवल्या. कधीकाळी चांदी भरलेल्या डाव्या दाढेवर आलात अन् मी खुर्चीतून उठलोच. ती दाढ एरवी एक दिवस दुखली नव्हती, बरं का.

सीटी स्कॅन उजेडाला धरून दाखवलात. गालाच्या हाडातली उजवी पोकळी काळी, म्हणजे हवेची. डावी करड्या रंगानं गच्च. दाढेची मुळं थेट तिच्या तळाला टेकलेली. मुळाशी पू, तोच वर झिरपत होता. दाढ काढली, पुढचे उपचार झाले, वास गेला.

पोराचंही सांगायचंय. सर्दीच्या पाचव्या दिवशी हिरवा शेंबूड बघून आमच्या घरचीनं अँटिबायोटिक मागितलं, तुम्ही दिलं नाहीत. रंगावरून जंतू ओळखत नसतात म्हणालात. दहा दिवसांत उतार पडला नाही, किंवा उतार पडून पुन्हा उसळलं, किंवा १०२ ताप, पू अन् गालदुखी तीन-चार दिवस राहिली तर आणा. डोळ्याभोवती सूज दिसली तर मात्र रात्रीसुद्धा. घरची वाटभर फणफणत होती, खोटं कशाला सांगू. आठव्या दिवशी पोरगं बॅट घेऊन बाहेर.

नव्या तुरीची डाळ पाठवतोय, नाही म्हणू नका. मोंढ्यात आता कुणी धुळीनं सायनस झालाय म्हटलं की मी आधी विचारतो, कोणत्या बाजूनं?

तुमचा,
डाव्या दाढेचा पेशंट