तंबोऱ्याचा तास: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: आठवीचा ध्वनीचा पाठ शाळेपासून सात किलोमीटरवर शिकवण्याबाबत.

महोदय,

मी मिरज तालुक्यातल्या एका गावात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत नादकाटे (ट्यूनिंग फोर्क) दोन आहेत, रबरी हातोडी हरवून चार वर्षं झाली. नादकाटा टाचेवर आपटायचा, हवेत धरायचा आणि विचारायचं, ‘ऐकू आलं का?’ मागच्या बाकावरून ‘हो बाई’ येतं. तिथवर आवाज पोचत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही.

सात किलोमीटरवर मिरज आहे. तिथे दीडशेहून अधिक वर्षं सतारी नि तंबोरे घडतात. हत्यारं घडवणारी शिकलगार घराणी वाद्यांकडे वळली, ती आजही त्याच गल्लीत आहेत. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या शाळेत बातमीचं कात्रण फलकावर लागलं होतं. पण वर्गातल्या 41 पोरांपैकी एकानेही तंबोरा हातात धरलेला नव्हता. माझीही गत फार वेगळी नव्हती.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही गेलो. रविवारीच का, ते पुढे सांगते.

कारखाना म्हणजे दोन खणांची खोली. माळ्यावर पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे टांगलेले, खाली तुनाच्या लाकडाचा भुसा. पोरं ज्यांना लगेच चाचा म्हणू लागली, त्या कारागिरांनी तंबोरा उभा केला. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती किंचित गोलाव्याची पट्टी. ती आणि तार यांच्यात सुताचा एक बारीक दोरा होता. तो त्यांनी आधी काढून टाकला आणि तार छेडली. आवाज कोरडा, लगेच विझणारा. मग दोरा परत घातला आणि केसभर, केसभर सरकवत नेला. एका जागी आवाज फुलला आणि खोली भरून राहिला. ‘आता जवारी खुलली,’ चाचा म्हणाले. जवारी म्हणजे तारेचा हा भरून राहणारा गुंजारव. मागे उभा असलेला, वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, आत कुणीतरी दुसरंच गातंय.’

महोदय, तो बरोबर सांगत होता. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकही गंधारात, म्हणजे ‘ग’ स्वरात, लावलेली नसते, तरी गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या, तारेची वारंवारिता 100 धरली तर तीच तार त्याच वेळी 200, 300, 400, 500 अशीही थरथरत असते. त्यातली 500, मूळच्या पाचपट, म्हणजे गंधार. मी हे चाचांच्या दारामागे खडूने लिहिलं आणि पहिल्यांदाच ‘हर्ट्झ’ हा शब्द उच्चारताना पोरांच्या तोंडावर कंटाळा दिसला नाही.

दोघी मुलींनी सतारीच्या पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, मोजपट्टीचा टेप धरला. तारेच्या निम्म्यावर स्वर एक सप्तक वर जातो, हे पुस्तकातलं गणित. पडदा काही मिलिमीटर सरकलेला निघाला. ‘चाचा, तुमचं चुकलंय,’ असं एकीने थेट सांगून टाकलं. ते हसले. ‘बोटानं तार दाबलीस की ती ताणती, बाळ. ताणली की स्वर चढतो. तेवढी जागा सोडायला लागती.’ मोजमापातल्या फरकाला कारण असतं, हे मी प्रयोगवहीत वर्षानुवर्षं ‘त्रुटी’ या एका शब्दात उरकत आले होते.

28 फेब्रुवारीला आम्ही विज्ञान दिन करतो. सर चंद्रशेखर रामन यांच्या फोटोला हार, दोन भाषणं, निबंध स्पर्धा. याच रामन यांनी 1920 साली आपल्या तालवाद्यांवर लिहिलं होतं. तबल्या-मृदंगाच्या पुडीवरच्या शाईमुळे, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या लेपामुळे, तिचे उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर) एकमेकांशी सुरात येतात, साध्या कातड्याचे येत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी ते तंबोरा आणि वीणेकडे वळले. तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा निस्पंद (न थरथरणारा बिंदू) पडतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा जुना नियम. तंबोरा तो पाळत नाही, आणि त्यामागे घोडीचा तो किंचित गोलावा आहे. भाषणात हे कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं, कारण मला ठाऊक नव्हतं.

आता रविवारचं. मी रीतसर परवानगी मागितली होती. एका कार्यालयातून अर्ज परत आला. शेरा होता: ‘सहल वर्षातून एकदाच अनुज्ञेय. सदर भेटीचा पाठ्यक्रमाशी संबंध स्पष्ट करावा.’ संबंध स्पष्ट केला. मग वाहनाची कागदपत्रं हवी झाली. आम्ही लाल परीने जाणार होतो, तिची कागदपत्रं मी कुठून आणू? मुलांच्या सुरक्षेचे नियम हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शंभर किलोमीटरवरच्या वॉटरपार्कला आणि शेजारच्या गल्लीला एकच नमुना लावला की शिक्षक वॉटरपार्क तरी करतो, नाहीतर काहीच करत नाही. शेवटी पालकांच्या सह्या घेऊन सुटीच्या दिवशी गेलो. काही वेडंवाकडं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकण्याचे. कल्पना काही परकी नाही, हस्तोद्योगातून शिक्षणाचा ठराव 1937 साली वर्ध्यातच झाला होता. पण हे दहा दिवस ‘व्यवसायाची ओळख’ म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकू नका. ते विज्ञानाचे तास म्हणून मोजा. तालुक्याच्या आत जायचं असेल तर मुख्याध्यापकांची सही पुरे, असा स्पष्ट आदेश काढा. आणि कारागिराला मानधन द्या. आम्ही त्या दिवशी चाचांचा अर्धा दिवस खाल्ला, वर त्यांनीच पोरांना चहा-बिस्किटं दिली. कृपा करून याचं रूपांतर ‘उपक्रमाचे पाच फोटो लिंकवर टाका’ यात होऊ देऊ नका. फोटो काढायच्या नादात त्या दिवशी दोरा सरकताना मी स्वतः पाहायचा चुकवला होता, चाचांनी पुन्हा करून दाखवला.

मिरज आमच्यापुरती. लोणारच्या मुलांकडे उल्कापाताने झालेलं विवर आहे, रत्नागिरीच्या मुलांकडे जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं, डहाणूच्या मुलांकडे गेरूवर तांदळाच्या पिठाने चितारलेली भिंत. तिथला पाठ कुठला आणि तो कसा घ्यायचा, हे तिथल्या शिक्षकांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

एक लहानशी अडचण राहिली. निघताना चाचांनी पोरांना एक तडकलेला भोपळा दिला. तो आता प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे. पोरं त्यावर रबर ताणून काय काय वाजवतात. मार्चअखेर जडसंग्रह नोंदवहीची तपासणी आहे. त्याची नोंद विज्ञान साहित्यात करायची की संगीत साहित्यात, तेवढं आपल्या कार्यालयाकडून कळावं.

आपली,
आठवीची एक विज्ञान शिक्षिका