संपणाऱ्या बातम्या

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "बातमी बघायला मोबाइल उघडतो आणि अर्ध्या तासाने कुणाच्या तरी लग्नातला नाच बघत बसलेला असतो." मी हसलो खरा, पण वर्षभरापूर्वी माझीही गत तीच होती. म्हणून अर्धवट राहिलेलं आरएसएसचं पुराण आज पुरं करतो. संघ नव्हे रे, साइटवरच्या नव्या बातम्या एका जागी आणून देणारी सोय!

यात नवं काही नाही. नेटस्केप या जुन्या ब्राउझरवाल्यांनी १९९९ साली काढलेली युक्ती आहे. साइटवर बातमी पडली की तिचा मथळा, लिंक, वेळ आणि बहुधा दोन ओळींचा सारांश एका साध्या फाइलीत जाऊन बसतो. ही फाइल म्हणजे फीड. आपल्याकडचं रीडर ॲप अधूनमधून या फाइली चाळतं आणि नवं तेवढं तारीखवार मांडतं. तुला काय आवडेल हे ठरवणारा मधला शहाणा नाही, हेच मला सर्वांत भावलं.

तुझ्या अँड्रॉइडवर 'फीडर' टाक. फुकट आहे, खातंबितं उघडावं लागत नाही. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे तीच यादी हवी असेल तर 'फीडली' बघ. मग नवं फीड जोडायच्या जागी साइटचा पत्ता चिकटवायचा. पुष्कळदा ॲप फीड आपणच हुडकून काढतं. नाही सापडलं तर पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ मारून इंग्रजीत 'फीड' (/feed) लिहून बघ. वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावरच्या बहुतेक साइटींना ही मात्रा लागू पडते. बीबीसी मराठीचं फीड आहे, त्यापासून सुरुवात कर.

एक सांगून ठेवतो. फीडची लिंक ब्राउझरमध्ये उघडलीस तर टोकदार कंसांचं जंगल दिसेल. मी पहिल्यांदा घाबरून फोनच बंद करून चालू केला होता! बिघडलेलं काही नसतं, तो मजकूर ॲपसाठी असतो. पत्ता कॉपी करायचा नि मागे फिरायचं.

आणि हावरटपणा करू नकोस. पहिल्या आठवड्यात मी साठेक फीडं जोडली. एका रविवारी बघतो तर न वाचलेल्या बातम्या चौदाशे! वाण्याच्या थकलेल्या उधारीसारखा तो आकडा रोज डोळ्यांसमोर. शेवटी सगळं 'वाचलं' करून टाकलं आणि नऊ ठेवली. मोठ्या दैनिकाचं सबंध फीड घेण्यापेक्षा अर्थ किंवा क्रीडा असं एखादंच सदर वेगळं मिळालं तर ते घे. आता सकाळच्या चहाबरोबर वीस मिनिटांत यादी संपते. संपते, बरं का!

खोटही सांगतो. काही जण फीडमध्ये मथळाच देतात, पुढचं वाचायला साइटवर जावंच लागतं. एका दैनिकाने साइट नव्याने केली आणि त्यांचं फीड गुपचूप बंद पडलं. मला वाटलं, महिनाभर गावात काही घडलंच नाही.

गूगल रीडर हे गूगलचं फीड वाचायचं साधन १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा आरएसएस मेलं असं पुष्कळांनी धरलं. तू ऐकतोस ते पॉडकास्ट मात्र अजून बहुतेक याच्याच जिवावर चालतात. पण रीडर असं बंद पडू शकतं, म्हणून मी एक सवय लावून घेतली: ॲपमधून ओपीएमएल फाइल काढून ठेवायची. तीत सगळ्या फीडांचे पत्ते असतात, उद्या दुसरं ॲप घेतलं की यादी तशीच चढवता येते. माझी पाठवतो सोबत, नको ती काढून टाक.

आपल्या गावच्या साप्ताहिकाचं फीड सापडलं तर आधी मला कळव. मी दोनदा हात टेकलेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना