रस्ता वर आला, घर खाली गेले: माननीय नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यापलीकडे शेतजमिनीचे परवानगीविना गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून वसलेल्या एका गुंठेवारी वसाहतीत माझ्या वडिलांनी १९९४ मध्ये दोन गुंठ्यांवर घर बांधले, तेव्हा आजूबाजूला ऊस होता आणि जमीन काळी म्हणून गवंड्याने जोते तीन पायऱ्यांचे घ्यायला लावले. त्यांपैकी दोन पायऱ्या आज रस्त्याखाली आहेत. घर खचलेले नाही. मुरूम, खडी, डांबर आणि अखेरीस काँक्रीट असे थर, जुना थर न खरवडता, एकावर एक चढत गेले. प्रत्येक वेळी नारळ फोडायला आम्हीच हौसेने उभे होतो, हेही कबूल केले पाहिजे.

सांगलीत पाण्याची तक्रार केली की समोरचा कृष्णेकडे बोट दाखवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तिथे नदीने ५७ फूट ओलांडले आणि आमच्या घरातही कमरेइतके पाणी आले. पण तो पूर ओसरला, पंचनामे झाले, मदत मिळाली. माझी तक्रार कृष्णा पात्रात असतानाही दोन दिवसांच्या पावसाने गल्लीत साचणाऱ्या आणि गणपती येऊन गेले तरी न हलणाऱ्या पाण्याविषयी आहे. पूर्वी ते ज्या ओढ्याने वाहून जाई, त्यावर आता प्लॉट पडले आहेत. काळ्या मातीत ते जिरत नाही, आणि शोषखड्डे तुंबले की शौचालयातून उलटे वर येते. त्या दिवसांत माझ्या वृद्ध आईला शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर हलवावे लागते. नदी आलेली नसल्यामुळे पूरग्रस्तांच्या यादीत मात्र आम्ही नसतो.

गुंठेवारीत घर घेतले हा आमचाच दोष, असे सुनावले जाते. तो दोष शासनाने २००१ च्या अधिनियमाने शुल्क घेऊन नियमित केला, आणि त्या अधिनियमाच्या नावातच नियमाधीन करण्याबरोबर श्रेणीवाढ, म्हणजे वसाहतीतील सोयी सुधारणे, हा शब्द आहे. प्रशमन शुल्काची, म्हणजे अनधिकृतपणा मिटवण्यासाठी भरलेल्या रकमेची, व विकास शुल्काची पावती आमच्याकडे आहे; श्रेणीवाढ म्हणून दाखवता येईल असे, या उंच होत गेलेल्या रस्त्याखेरीज, काहीही नाही.

म्हणून विनंती एवढीच आहे की, राज्यातील गुंठेवारी वसाहतींत रस्त्याच्या कामाला मंजुरी देण्यापूर्वी संपूर्ण वसाहतीची पातळी मोजून पाणी कोणत्या बाजूने कोणत्या ओढ्यात जाणार हे अंदाजपत्रकात दाखवणे, तसेच जुना थर काढल्याशिवाय नवा न टाकणे, आपण बंधनकारक करावे. बुजलेल्या ओढ्यांचा माग जुन्या मोजणी नकाशांत काढता येईल. ते मोकळे करताना काहींच्या भिंती पाडाव्या लागतील, आणि त्यात आमच्या परसाचा कोपरा निघाला तर तो द्यायची आमची तयारी आहे.

ही विनंती तातडीची आहे, कारण आमच्या गल्लीत पुन्हा काँक्रीटचे काम निघाले आहे. मोजमाप घ्यायला आलेल्या माणसाने नव्या थराची जाडी सहा इंच सांगितली. आमची उरलेली पायरी मी त्याच दिवशी पट्टीने मोजली. ती पाच इंच आहे.

आपला नम्र,
सांगलीतील एक घरमालक