मॅडम, ‘पुन्हा सांगाल का?’ विचारायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचा जुना नंबर लागत नाही. कॉलेजात जाऊन विचारलं, तर तासिका तत्त्वावरचं तुमचं काम आमची बॅच बाहेर पडली त्याच वर्षी संपलं एवढंच कळलं. पुढे कुठे गेलात, कुणाला सांगता येईना. म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितेय. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर वाशीच्या गाडीची वाट बघणाऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून ते तुमच्यापर्यंत पोचेल, अशी आशा आहे. तुम्हीही त्याच गाडीने यायचात.

ओळख देते. मी कोपरखैरण्याची, माथाडी वसाहतीतली. शनिवारी सकाळी साडेसातच्या तुमच्या इंग्रजीच्या तासाला खिडकीजवळच्या बाकावर बसायची ती. बाबा तेव्हा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलायचे, अजूनही जातात. शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बिझनेस कम्युनिकेशनचा पेपर होता. पत्राच्या फुल ब्लॉक लेआउटमध्ये (सगळं डावीकडून सुरू करायची मांडणी) तारीख कुठे, विषय कुठे, सही कुठे, हे माझं तोंडपाठ होतं. मार्कही चांगले पडले. पण अख्ख्या वर्षात वर्गात उभं राहून इंग्रजीत कुणाला एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. आमच्यातल्या बहुतेकांचं तसंच होतं. इंग्रजी म्हणजे लिहून काढायची आणि तपासून घ्यायची गोष्ट.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एका ठिकाणी मुलाखतीला गेले. समोरच्या गृहस्थांनी भराभर दोन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर दिलं. दुसरा होता, “वुड यू माइंड वर्किंग नाइट शिफ्ट्स?” त्यातलं ‘नाइट शिफ्ट्स’ तेवढं कळलं. नोकरी हवी होती, म्हणून जोरात “येस सर” म्हणाले. ते एकमेकांकडे बघून हसले आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मी काय बोलले, हे घरी येईपर्यंत मला उमगलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी तुम्हाला हे सांगितलं. मला वाटलं होतं, तुम्ही समजूत घालाल. तुम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिलंत आणि माझं नाव न घेता त्या दिवशीचा तास त्यावरच घेतलात. “रात्रपाळीला तुमची हरकत आहे का, असं कुणी मराठीत विचारलं तर काय म्हणाल?” अख्खा वर्ग म्हणाला, “नाही, हरकत नाही.” “मग इंग्रजीतही ‘नो, नॉट ॲट ऑल’च म्हणायचं. माइंड म्हणजे हरकत.” दोन मिनिटांत गाठ सुटली. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. म्हणालात, “शब्द आज ना उद्या कळतोच. खरी चूक न कळता हो म्हणण्याची आहे, आणि ती मराठीतही चूकच.” मग प्रत्येकाला उभं करून एकच वाक्य म्हणायला लावलंत: “सॉरी, आय डिडंट फॉलो दॅट. कुड यू से इट अगेन?” चाळीस जणांनी चाळीस वेळा. शेवटच्या मुलाचा नंबर येईपर्यंत त्या वाक्यातली लाज गेली होती.

मॅडम, मी आज ज्या खुर्चीवर बसते ती त्या वाक्याच्या जोरावर. ऐरोलीत एका फॉरवर्डिंग कंपनीत, म्हणजे लोकांचा माल परदेशी पोचवायची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, डॉक्युमेंटेशनला आहे. न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या कंटेनरचे कागद करायचे, बीएलचे (बिल ऑफ लेडिंग, जहाजाने जाणाऱ्या मालाची पावती) ड्राफ्ट पाठवायचे, दुरुस्त्या करायच्या. दिवसभर मेल आणि फोन. पलीकडे कधी चेन्नई, कधी दुबई, कधी हॅम्बुर्ग. त्यांचं इंग्रजीही पुस्तकातलं नसतं. न कळलेलं पुन्हा विचारणाऱ्या माणसाला इथे कुणी कमी लेखत नाही. न विचारता काहीतरी करून ठेवणाऱ्याला मात्र सगळे घाबरतात.

मेल लिहायला बसले की तुमचा ‘पाठव’ आणि ‘पाठवा’चा तास आठवतो. आम्ही सगळे ‘सेंड मी द फाइल’ लिहायचो आणि त्यात काय खटकतं ते आम्हाला दिसायचं नाही. तुम्ही फळ्यावर दोनच शब्द लिहिलेत, ‘पाठव’ आणि ‘पाठवा’, आणि दुसऱ्यातल्या कान्याला गोल केलात. “आपल्याकडे मान इथे असतो, क्रियापदाच्या शेपटीत. इंग्रजीतल्या ‘सेंड’ला शेपूट नाही. तुम्ही मनात ‘पाठवा’ म्हणता, कागदावर ‘पाठव’ उमटतं. तो काना इंग्रजीत ‘कुड यू’ म्हणून वाक्याच्या सुरुवातीला लावायचा.” इतकी वर्षं इंग्रजी शिकून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण उद्धट नसतो, आपला काना हरवलेला असतो. ऑफिसात नवीन आलेल्या मुलांना मी हे अगदी तुमच्यासारखं, गोल काढून दाखवते. ‘आय हॅव अ डाउट’चंही सांगते. आपली शंका म्हणजे साधा प्रश्न, पण परदेशातल्या माणसाला त्यात अविश्वास ऐकू येऊ शकतो. म्हणून ‘क्वेश्चन’ लिहा.

आणि पाठीला पाठ लावून ठेवलेल्या त्या दोन खुर्च्या. एकाच्या हातात अर्धी माहिती, दुसऱ्याच्या हातात उरलेली, आणि चेहरा न बघता नुसतं विचारून कागद पूर्ण करायचा. माझ्या वाट्याला भाज्यांची भावपट्टी आली होती. फोनवर हातवारे उपयोगाचे नसतात, मान डोलावलेली दिसत नाही, हे त्या खुर्चीवर कळलं. त्याच महिन्यात तुम्ही फोनवर अक्षरं सांगायचे शब्द, ए म्हणजे आल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली, असे पाठ करून घेतलेत. काही मुलं कुरकुरली होती, आम्ही काय विमान चालवणार आहोत का म्हणून. मॅडम, कंटेनरचा नंबर चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुतेक वेळा यू, मग सहा आकडे आणि शेवटी तपासणीचा एक आकडा. फोनवर बी, डी, पी, टी सारखेच वाटतात, एम आणि एन तर विचारूच नका. त्यात आपल्याला ‘व’ एकच, त्यांचे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन. पहिल्या आठवड्यात मी “व्हिक्टर, नॉट व्हिस्की” म्हणाले तेव्हा शेजारच्या सिनिअरने मान वर करून बघितलं. संध्याकाळी विचारलंन, कुठे शिकलीस? मी तुमचं नाव सांगितलं.

त्या शनिवारच्या तासांचे पैसे तुम्हाला मिळत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. ते तास वेळापत्रकातच नव्हते, तर मोजणार कोण? तुम्ही सहाच्या सुमारास घर सोडत असणार. पिशवीत स्वतःचे खडू, झेरॉक्स काढलेले कागद, तेही तुमच्याच खर्चाने. एकदा प्यून चावी घेऊन आलाच नाही, तर तुम्ही जिन्यातच तास घेतलात आणि फोनवर बोलण्याचा सराव वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर करून घेतलात. पोरांना नोकरीसाठी तयार करा, असं सगळेच म्हणतात. जी व्यक्ती ते करत होती तिची स्वतःची नोकरी दर वर्षी नव्याने ठरायची. याचा मला अजून राग येतो आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

ज्या दिवसासाठी हे पत्र लिहायला घेतलं, तो सांगते. गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा आठवडा. मशीनच्या सुट्या भागांचा एक कंटेनर हॅम्बुर्गला जायचा होता. संध्याकाळी साडेपाचला माझ्या लक्षात आलं, सकाळी तिकडे पाठवलेल्या बीएल ड्राफ्टमध्ये मी 18,360 किलोंऐवजी 18,630 टाइप केलंय. 270 किलोंचा फरक. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं खात्रीचं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. त्यामुळे कागदांवरच्या वजनांचा मेळ बसला नाही की प्रश्न सुरू होतात. बीएल निघाल्यावर दुरुस्ती करायची तर पैसेही पडतात. हात गार पडले. शेजारचा म्हणाला, गप्प बस, उद्या बघू, कदाचित त्यांच्या लक्षातही येणार नाही.

मला तुमचा तो तास आठवला, वाईट बातमी कशी लिहायची याचा. आधी मराठीत एका ओळीत लिहा काय झालंय. मराठीत ते एका ओळीत बसत नसेल तर तुम्हालाच ते अजून नीट कळलेलं नाही. मी वहीत लिहिलं: सकाळच्या ड्राफ्टमध्ये वजन चुकलंय, चूक माझी आहे, तो मंजूर करू नका. मग तेच इंग्रजीत. पहिल्या ओळीत चुकीचा आणि बरोबर आकडा. दुसऱ्या ओळीत नवीन ड्राफ्ट जोडल्याचं. तिसऱ्या ओळीत उत्तर कधीपर्यंत हवं ते: आपले रात्रीचे आठ, त्यांचे दुपारचे साडेतीन, दोन्ही वेळा लिहून. ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ लिहायचं नाही, कारण प्रत्येकाचं ‘लवकर’ वेगळं असतं. हेही तुमचंच.

पावणेसातला उत्तर आलं. नवा ड्राफ्ट मंजूर, आणि खाली एक ओळ: वेळेत सांगितल्याबद्दल आभार.

त्या रात्री घरी आले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. वजनातली चूक त्यांना लगेच कळली, जन्म वजनकाट्यापाशी गेलाय. म्हणाले, “काट्यावर चूक झाली तर माल हलायच्या आत ओरडायचं असतं.” मग विचारलं, हे तुला इंग्रजीत कुणी शिकवलं? तुमचं नाव घेतलं, तर म्हणाले, बाईंना एकदा घरी जेवायला बोलाव. आमच्याकडून ते निमंत्रण आहेच. आईने भाकरी-पिठल्याचं नक्की केलंय.

तो मेल मी जपून ठेवलाय, तुमच्याकडून तपासून घ्यायला. एका जागी अजून अडते. ‘वी रिग्रेट द एरर’ लिहिलं होतं, पाठवण्याआधी खोडून ‘आय मेड अ मिस्टेक, आय ॲम सॉरी’ केलं. चूक माझी होती म्हणून ‘आय’. पण मेल कंपनीकडून जात होता. मॅनेजर म्हणतात, ‘वी’च हवं होतं. मला अजून पटलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतंत?

तुमची विद्यार्थिनी,
कोपरखैरणे, नवी मुंबई