पानावरच्या वर्षावर विसंबू नका : डुलुथच्या ग्रंथपालबाईंचे आभार

आदरणीय ग्रंथपालबाई,

स. न. वि. वि.

सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या, मिनेसोटातल्या डुलुथ बंदराचा इतिहास शोधताना तुम्ही कागद तर काढून दिलेतच, पण कोणता कागद कुठे फसवतो हेही आधीच सांगितलेत. आभार मुख्यतः त्याबद्दल.

सॅनबॉर्न कंपनीने आगविम्यासाठी काढलेले शहरांचे नकाशे घ्या. प्रमाण १ इंचाला ५० फूट. गुलाबी म्हणजे विटांची इमारत, पिवळी लाकडी, निळी दगडी. एवढे तर सूचीवरूनही कळते. मात्र कंपनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या पाठवायची आणि त्या जुन्याच पानांवर डकवल्या जायच्या, म्हणून पानावर छापलेल्या वर्षानंतरचे गोदामही तिथे दिसते. पान उजेडात तिरपे धरून चिठ्ठीची कड शोधायची, ही युक्ती तुमची. स्कॅनवर ती कड बऱ्याचदा दिसतच नाही.

अमेरिकेच्या १८९० च्या राष्ट्रीय जनगणनेचे कागद आगीनंतर जवळजवळ सगळे गेले. म्हणजे १८८० ते १९०० या काळात, शहर भराभर वाढत असताना, मोठी पोकळी! तिथे तुम्ही मिनेसोटाची १८८५ आणि १८९५ ची राज्य जनगणना पुढे केलीत. नावे तिथेही वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली असतात, हा इशारा देऊनच.

जहाजाचे नाव सोडा, सरकारी नोंदीतला अधिकृत क्रमांक धरा, हे तर आम्ही आता सगळ्यांना सांगतो. मालक बदलला की नाव बदलू शकते, क्रमांक तोच राहतो. 'माटाफा' १८९९ मध्ये बांधले गेले ते 'पेनसिल्व्हेनिया' या नावाने. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात ते सरोवरातून बंदरात शिरण्याच्या कालव्याच्या तोंडाशी धक्क्यावर आदळले, ९ खलाशी दगावले. वर्तमानपत्रातली त्या आठवड्याची छायाचित्रे पाहून जहाज संपले असेच वाटते; प्रत्यक्षात ते दुरुस्त होऊन पुढे कित्येक दशके चालले.

आणि तारीख नसलेली छायाचित्रे! कालवा चौकटीत असेल तर आधी पूल बघायचा. वरच्या तुळईला टांगलेला, माणसे आणि गाड्या पलीकडे नेणारा पाळणा दिसला, तर १९०५ ते १९२९. रस्ताच वर उचलणारा पूल असेल, तर १९३० किंवा नंतरचे. पूलच नसेल, तर १९०५ च्या आधीचे. फक्त निगेटिव्ह उलटी छापलेली नाही ना, हे पाहायचे. सरोवराकडून आत बघताना टेकडी उजवीकडे हवी.

कळावे,
आपली,
मिनेसोटातील मराठी इतिहासप्रेमी मंडळी