"चौकीदाराला हे कोणी सांगितलं?" या एका प्रश्नाबद्दल थँक्यू, ताई

ताई, नमस्कार!

मेसेजमध्ये दोन ओळी टाकून थँक्यू म्हणता आलं असतं, पण माझा गेम तपासताना तुम्ही जे शिकवलंत ते टेक्स्ट गेम (वाचत, पर्याय निवडत खेळायचा गेम) लिहिणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं आहे, म्हणून म्हटलं उघड पत्रच लिहावं, आभारही मानून होतील आणि चार जणांना वाचताही येईल. तुमचं नाव टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझा गेम ट्वाइनमध्ये आहे, म्हणजे ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेलं ते फुकट टूल, गोष्टीचे तुकडे चौकोनांत लिहायचे आणि लिंकने एकमेकांना जोडायचे, फॉरमॅट शुगरक्यूब, म्हणजे ट्वाइनमधला गेम चालवणारा भाग. गोष्ट अशी की एका बेटावर दीपगृह आहे, खेळणारा हरवलेल्या भावाला शोधत तिथे येतो आणि तिथे माणसं दोनच, एक चौकीदार आणि एक डॉक्टरीणबाई. दोघंही अर्धवट बोलतात, दोघंही काहीतरी लपवतात. मला दोघांच्या स्टोरीलाइन वेगवेगळ्या हव्या होत्या, म्हणजे तुम्ही त्यांच्याशी कसे वागलात त्यावर ते पुढे तुमच्याशी कसे वागतात हे ठरणार.

हे सगळं नुसत्या लिंकांवर करायला गेलं तर काय होतं त्याचं गणित तुम्ही पहिल्याच कॉलवर करून दाखवलंत. दरवेळी दोनच पर्याय दिले आणि कुठलाच फाटा परत जुळवला नाही तर दहा निर्णयांनंतर १०२४ शेवट होतात, वीस निर्णयांनंतर दहा लाखांच्या वर, आणि हे सगळं लिहिणार कोण, तर मी एकटा. सॅम कॅबो ॲशवेल यांनी २०१५ मध्ये चॉइस गेम्सच्या रचनांचे प्रकार लिहून काढले होते, त्यात या झाडासारख्या पसाऱ्याला टाइम केव्ह असं नाव आहे आणि त्याच यादीत ब्रँच अँड बॉटलनेक पण आहे, फाटे फुटतात, थोडं वेगळं काही घडतं, मग सगळे एका कॉमन सीनला येतात आणि आधी काय झालं याची आठवण व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गेमने ठेवलेल्या नोंदीत, राहते. तुम्ही म्हणालात हा दुसरा प्रकार धर. बरं, इथपर्यंतचं कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळतं, त्यासाठी मी एवढं पत्र लिहिलं नसतं.

तुम्ही गेमची फाइल वाचून परत पाठवलीत तेव्हा सगळीकडे बारीक बारीक टिपा होत्या आणि तिसऱ्या सीनला एकच ओळ होती, चौकीदाराला हे कोणी सांगितलं?

तो सीन असा होता. खेळणारा चौकीदाराच्या ड्रॉवरमधली चिठ्ठी वाचू शकतो, नाही वाचली तरी चालतं. वाचली तर "चिठ्ठी वाचली" हे व्हेरिएबल खरं होतं, आणि पुढच्या सीनला कंडिशन, म्हणजे कोडमधली अट, ते बघते, खरं असेल तर चौकीदार म्हणतो, "माझ्या ड्रॉवरला हात लावलात ना तुम्ही?" कोड एकदम बरोबर, चालतोय, एरर नाही. पण चिठ्ठी वाचताना खोलीत कुणीच नव्हतं! चौकीदार खाली जेट्टीवर होता. म्हणजे त्याला जे कळलं ते त्याला नाही, कोडला कळलं होतं.

मग तुम्ही तीन गोष्टी वेगळ्या करायला लावल्यात. काय घडलं, ते कुणाला माहितीये आणि त्याला त्याबद्दल काय वाटतं. पहिलं हो किंवा नाही, एकदाच. दुसरंपण हो किंवा नाही, पण प्रत्येक पात्राचं आपापलं. तिसरं म्हणजे एक आकडा, तोही ज्याचा त्याचा. ऐकायला किती साधं आहे, पण मी मग कागदावर चार खाने काढले, चिठ्ठी वाचली आणि त्याला माहितीये, वाचली पण त्याला माहीत नाही, वाचली नाही आणि त्याच्या डोक्यातही नाही, हे तीन पटापट भरले, आणि चौथा खाना राहिला, चिठ्ठी वाचलेलीच नाही पण चौकीदाराला वाटतंय की वाचली. हे कसं होईल? डॉक्टरीणबाई खोटं सांगतील तर होईल! आणि त्या खोटं का सांगतील, तर म्हणून त्यांचा आख्खा दुसरा भाग उभा राहिला, आज गेममधला तोच माझा सगळ्यात आवडता भाग आहे. तो मला काही बसल्या बसल्या सुचला नसता, रिकाम्या खान्याने काढून घेतला माझ्याकडून.

आकड्यांचं पण सांगतो कारण तिथेही बऱ्याच जणांची गाडी अडकते. चौकीदाराचा विश्वास ० ते १०० ठेवलाय. चांगलं वागलं की सरळ दहा वाढवा असं केलं की खेळणारा चार गोड वाक्यं बोलून शंभरला पोचतो आणि मग पुढे काही केलं तरी फरकच पडत नाही. तुम्ही चॉइसस्क्रिप्ट या अशाच दुसऱ्या टूलमधलं फेअरमॅथ समजावलंत, त्यात २० टक्के वाढ म्हणजे शंभराला जेवढे कमी आहेत त्याच्या २० टक्के, म्हणजे ५० चे ६० होतात पण ८० चे फक्त ८४. विश्वास जितका जास्त तितका तो आणखी वाढवणं अवघड, माणसाचं होतं तसंच की. शुगरक्यूबमध्ये हे आयतं नाहीये पण एका ओळीचा हिशोब आहे, लिहून टाकला.

आणि कंडिशनचा क्रम. विश्वास ३० किंवा जास्त ही अट वर आणि ७० किंवा जास्त ही खाली असेल तर ७५ वाला वरच्याच अटीत बसून जातो, खालचा भाग कधी दिसतच नाही, आणि इंजिन काही तक्रार करत नाही कारण त्याच्या मते सगळं ठीक आहे. म्हणून कडक अट सगळ्यात वर, सैल खाली आणि शेवटी एल्स, म्हणजे कुठलीच अट बसली नाही तर काय ते, आणि तो एल्स रिकामा ठेवायचा नाही, निदान एक साधं वाक्य तरी हवंच. हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की आता कोड लिहिताना तुमचाच आवाज ऐकू येतो (चांगल्या अर्थाने म्हणतोय).

मराठीत गेम लिहिणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाचा भाग मात्र वेगळाच आहे. विश्वास ७० च्या वर गेला की चौकीदार अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येतो ही आयडिया तुमची. आधी "या, आत या, कधी आलात?" आणि मग "ये, आत ये, कधी आलास?" किंवा "कधी आलीस?" खेळणाऱ्याने काय निवडलंय त्याप्रमाणे. म्हणजे एका वाक्याची तीन रूपं. मी वाक्याच्या मध्येमध्ये कंडिशन घालून क्रियापदं तेवढी बदलत होतो, तुम्ही म्हणालात असं नको, तिन्ही वाक्यं पूर्ण लिही, दोन महिन्यांनी तुलाच वाचता येणार नाही. एकदम खरं. जी वाक्यं सारखी लागतात त्यांचं विजेट केलंय, म्हणजे एकदाच लिहून हवं तिथे वापरायचा तुकडा.

त्यातच पुढची खाच तुम्ही दाखवलीत. विश्वास ७० च्या आसपास खालीवर होत राहिला तर बिचारा चौकीदार एका सीनला तू म्हणेल, दुसऱ्याला तुम्ही, तिसऱ्याला परत तू, वेड लागल्यासारखा. म्हणून आकडा दरवेळी बघायचाच नाही, एकदा ७० ओलांडले की "जवळीक झाली" हे वेगळं व्हेरिएबल खरं करायचं आणि बोलणं त्यावर चालवायचं. ते खोटं होतं एकाच ठिकाणी, खेळणारा जेट्टीवर त्याला फसवतो तेव्हा. त्यानंतर तो शांतपणे "तुम्ही निघा आता" म्हणतो. टेस्टिंगला खेळलेल्या एका मैत्रिणीला शेवटापेक्षा ते "तुम्ही" जास्त लागलं म्हणे. आकडा स्क्रीनवर कुठेच दिसत नाही, तरी तिला बरोबर कळलं की काहीतरी तुटलं.

हॅजव्हिजिटेड या फंक्शनबद्दलही तुमचंच बरोबर निघालं. खेळणारा एखाद्या पॅसेजला, म्हणजे गोष्टीच्या चौकोनाला, जाऊन आला का हे शुगरक्यूब त्यातून स्वतःच सांगतो, इंक या दुसऱ्या टूलमध्ये तर प्रत्येक नॉटला, म्हणजे तिथल्या गोष्टीच्या तुकड्याला, किती वेळा आलो याची मोजणी आपोआप होते, त्यामुळे बारीकसारीक गोष्टींना वेगळी व्हेरिएबल करत बसायची गरज नसते. पण ते खेळणाऱ्याचं झालं. त्याने काय पाहिलं एवढंच त्यातून कळतं, चौकीदाराला काय माहितीये ते आपल्यालाच लिहून ठेवायला लागतं. परत तोच प्रश्न!

एका गोष्टीवर अजून पटलेलं नाही, ते पण सांगून टाकतो. तुमचं म्हणणं डॉक्टरीणबाईंचा विश्वास आकड्यात नको, त्यांना तीनच अवस्था पुरे, सावध, मोकळ्या आणि विरोधात. वाचायला सोपं होईल हे मान्य, पण मला त्या हळूहळू निवळताना दाखवायच्यात आणि तीन अवस्थांत ते धपकन होतं. सध्या आकडा ठेवलाय. भांडू या यावर एकदा निवांत.

बाकी तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून एका अनोळखी माणसाची एवढी लांबलचक फाइल ओळ न ओळ वाचलीत, चुकलं तिथे टोमणा न मारता प्रश्न विचारलात आणि एकाही ठिकाणी माझं वाक्य स्वतः बदललं नाहीत, याबद्दल मनापासून आभार. आभाराच्या पानावर नाव घालू का नको तेवढं कळवा, नको म्हणालात तर नुसतं "ताई" लिहितो.

नवीन फाइल आज पाठवलीये. डॉक्टरीणबाई चौकीदाराला खोटं सांगतात तो सीन आधी बघा, कारण आता चौकीदाराला "माहितीये" आणि "तसं वाटतंय" हे दोन्ही मी एकाच व्हेरिएबलमध्ये धरलंय, आणि खेळणारा पुढे खरं काय ते पटवून देऊ शकतो, तिथे बहुतेक ते वेगळं करायला लागेल. तुम्हाला काय वाटतं?

तुमचा,
दीपगृहवाला