शर्यत नव्हती, ओंकार

भांडुप, मुंबई

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस, क्लासमधले सर म्हणाले की कोट्यवधींच्या शर्यतीत पहिले आलात म्हणून तुम्ही जन्मलात. किती खूश होतास! मी विषय बदलला. ते चुकलंच माझं. म्हणून बाबांना विचारून हे लिहितेय.

मुळात ती शर्यत कुणाचीच नसते. शुक्राणू नुसते पोहून ट्यूबपर्यंत, म्हणजे गर्भाशयाला जोडलेल्या नळीपर्यंत, जात नाहीत, गर्भाशयाचे स्नायूही त्यांना वर ढकलतात. कोट्यवधींतले काही शेच तिथवर पोचतात. आणि आधी पोचून काय उपयोग? बाईच्या शरीरात काही तास राहून त्यांच्यात बदल व्हावा लागतो, त्याशिवाय ते स्त्रीबीजात शिरूच शकत नाहीत. चँग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी 1951 साली, वेगवेगळं काम करून, हे दाखवलं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, स्त्रीबीज मात्र सुटल्यावर जेमतेम 12 ते 24 तास. एक आत गेला की बीजाचं कवच बदलतं आणि बाकीचे बाहेर राहतात.

तुझ्या वेळी तर तेवढंही घडलं नाही.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सगळ्या तपासण्या माझ्याच. डाय घालून ट्यूबचा एक्स-रे काढला तेव्हा कळवळले होते. बाबांची तपासणी म्हणजे एक नमुना द्यायचा, इतकंच. पण दोन वर्षं ती कुणी लिहूनच दिली नाही, आणि घरात बोलणी मी खाल्ली. रिपोर्ट आला, शुक्राणूंची संख्या फारच कमी निघाली. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

मग परळला जायला लागलो. केईएम हॉस्पिटलवरून जाताना बाबा दर वेळी म्हणायचे, 6 ऑगस्ट 1986ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांमुळे टेस्ट ट्यूब बेबी हर्षा इथेच जन्मली, आपलंही होईल.

आमची 'इक्सी' झाली. माझी नऊ बीजं बाहेर काढली. स्त्रीबीज असतं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं. लॅबमधल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक बीजासाठी एकच शुक्राणू निवडला आणि केसाहून बारीक सुईने आत सोडला. ना धावणं, ना जिंकणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादरच्या प्लॅटफॉर्मवर होते तेव्हा फोन आला, 'नऊपैकी सहा फर्टिलाइज झाली.' ते कसं ओळखतात, हे मी नंतर विचारून घेतलं. सोळा-अठरा तासांनी बीजात दोन गोल दिसतात. एकात आईची 23 गुणसूत्रं, दुसऱ्यात बाबांची 23. थोड्याच वेळात ते गोल विरघळतात. गाडीच्या गोंगाटात मला 'सहा' नीट ऐकूच आलं नव्हतं, तीनदा विचारलं.

गर्भ माझ्या गर्भाशयात ठेवण्याआधी त्यांनी तुझा फोटो दिला, आठ पेशींचा. माझ्या कपाटात लग्नाच्या शालूखाली आहे. दिवाळीत आलास की दाखवते.

हे वाचलंस की बाबांना फोन कर. ते वाट बघतायत, पण आपणहून विषय काढणार नाहीत.

तुझी,
आई